पोळपाटावरचं इंग्रजी

'टूथब्रश' या शब्दाचे दोन तुकडे होतात आणि त्यांतल्या एकालाच मान मिळतो, हे मला भोपाळच्या बरखेड्यातल्या मावशीच्या क्वार्टरमध्ये तोंडात फेस असताना कळलं. मोरीच्या दारात मावसाजी खांद्यावर टॉवेल टाकून आपल्या पाळीची वाट बघत उभे होते आणि स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, "टूथवर जोर दे गं! ब्रश आपला गप बसतो!" मी जोर दिला. फेस आरशावर उडाला. "या घरात आता दात घासायलाही क्लास लावावा लागणार," असं म्हणत मावसाजींनी टॉवेलाच्या टोकानं आरसा पुसला आणि तोच टॉवेल परत खांद्यावर टाकला. त्या घरात कुणी कशाचा फारसा राग धरत नसे. मला मात्र प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. आरशाला डाग पडला म्हणून आता घरी पाठवतील, असं मी दिवसभर धरून बसले होते.

खरं तर मी तिथं पोळ्या करायला आले होते. कुमुदमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अंगणात पापड वाळत घालताना तिचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि हात प्लॅस्टरात गेला. मावसाजी मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन. मशिनं उघडून परत जोडायचे, पण कणीक भिजवायला बसले की पिठाचं आणि पाण्याचं भांडण मिटेपर्यंत भोंगा व्हायचा. म्हणून वाशीमकडच्या आमच्या गावातून मला बोलावून घेतलं. मी घरी रिकामीच होते. गावची शाळा सातवीला संपत होती. आठवीला शेजारच्या गावी गेले, तिथं इंग्रजीत गचकले आणि बाबा म्हणाले, "पुरे झालं आता." मलाही तेव्हा पुरे झालं असंच वाटलं होतं. दोन गाड्या बदलून भोपाळला उतरले तेव्हा पिशवीत आईनं दिलेले तिखट शेंगोळे होते आणि परतीची तारीख कुणी सांगितलेली नव्हती. कुणी परत जा म्हणू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरायचे, अंगण झाडायचे आणि मग उगाच पुन्हा झाडायचे. मावशी म्हणायची, "अगं, जमीन संपेल."

त्या क्वार्टरांचे आवाज आजही मला वेगवेगळे काढून दाखवता येतील. कारखान्याचा भोंगा, त्याच्यामागोमाग रांगेतल्या सगळ्या कुकरच्या शिट्ट्या, सायकलींच्या घंट्या आणि भिंतीपलीकडून परांजपेकाकूंचा रेडिओ. काकू पुण्याच्या. भोपाळमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तरी भाजीवाल्याशीसुद्धा त्या शुद्ध मराठीत बोलायच्या आणि तो बिचारा गोंधळून मापाबाहेर मिरच्या द्यायचा. आमच्याकडे मराठी, हिंदी, वऱ्हाडी सगळं एकाच पातेल्यात शिजायचं. रविवारी मावसाजी पोहे-जलेबी आणायचे. मावशी त्या पोह्यांवर खोबरं घालायची, मावसाजी शेव घालायचे आणि दोघं एकमेकांच्या बशीकडे बघून नाक मुरडायचे.

प्लॅस्टरमुळे मावशीला करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तिला रिकामं बसवत नसे. ती माझ्याच मागे लागली. "पोरीला काहीतरी शिकवायला पाहिजे हो," असं मावसाजींना रोज सांगायला लागली. शेवटी महाराणा प्रताप नगरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत चालणाऱ्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासात माझं नाव घातलं गेलं. बाबांना फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी आधी मनगटाची चौकशी केली. मग म्हणाले, "हे पाहा कुमुद, पिठाच्या गिरणीवाल्याचं स्थळ आलं हाये. दिवाळीपर्यंत मी त्याईले थांबवतो. तवरक पोरीनं तिकडं काही करून दाखवलं तं ठीक. नाही तं तिले गाडीत बसवून दे." बाबांचा आवाज फोनबाहेर येत होता आणि मी दाराआड उभी होते. त्या गिरणीवाल्याला मी एकदा पाहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण बारा महिने भुवयांवर पीठ असायचं आणि बोलताना दुसऱ्याचं ऐकू येत नसल्यामुळे तो कायम ओरडायचा. माझ्या पुढच्या आयुष्याचा आवाज कसा असेल, ते मला तिथं दाराआडच ऐकू आलं.

क्लास घेणारे रिझवी सर भोपाळचेच. उन्हाळ्यातसुद्धा बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे आणि खिशातून शेंगदाणे काढून खायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "लंदन छोड़ो, मैं इटारसी के आगे नहीं गया. मगर अंग्रेज़ की ज़बान कहाँ फिसलती है, कहाँ ज़ोर मारती है, वो मुझसे पूछो." आधी त्यांनी तुकडे पाडायला शिकवलं. हनुवटीखाली तळहात धरायचा आणि शब्द म्हणायचा. जबडा जितक्या वेळा हातावर आपटेल तितके तुकडे. 'न्यूजपेपर' म्हटलं की तीनदा आपटायचा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा 'स्कूल' म्हणतानाही दोनदा आपटायचा. भोपाळात 'स'ला एकटं कुठं पाठवत नाहीत, सोबतीला 'इ' देतात. सर कपाळावर हात मारून खास भोपाळी हाक घालायचे, "को खां, ये 'इ' कहाँ से उठा लाए? टिकट लिया है इसका?"

मग आला जोर. सर टेबलावर डस्टर आपटून म्हणाले, "सुनो मियां, अंग्रेज़ी का हर लफ़्ज़ बारात है. दूल्हा एक, बाकी सब बाराती. और जब दो लफ़्ज़ जुड़ जाएँ तो समझो दो बारातें एक ही शामियाने में घुस गईं. दूल्हे दो, घोड़ी एक. अब घोड़ी किसको मिलेगी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जिसके मामा तगड़े हों."

"जो पहले आया उसको! टूथब्रश में टूथ घोड़ी पर, ब्रश पैदल. रेनकोट में रेन घोड़ी पर, कोट पैदल."

"हमेशा, सर?" मी घाबरत विचारलं. कायमचा नियम मिळाला तर मला हवा होता.

"ज़्यादातर," सर शेंगदाणा तोंडात टाकत म्हणाले. "बाकी अंग्रेज़ का मूड."

घरी येऊन मी हे सगळं मावशीला सांगितलं. तिला वरात, घोडी हा प्रकार फारच आवडला. "आणि दुसरा नवरदेव काय करतो मग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तो असतो, पण दबून असतो. पटकन उरकून घेतो." मावशीनं पेपर वाचत बसलेल्या मावसाजींकडे बघितलं आणि म्हणाली, "कळलं." मावसाजींनी पेपर खाली न घेताच उत्तर दिलं, "आमच्याकडे असलं काही चालत नाही. स्क्रू, ड्राय, व्हर. तिघांना सारखा जोर. सरकारी कारखाना आहे आमचा, एकाला बढती दिली की उरलेले युनियनकडे जातात."

अभ्यासाला वेगळा वेळ नव्हता, म्हणून मी पोळ्या लाटताना शब्द घोकायचे. मावशी शेजारी पाटावर बसून, प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून, एकेक शब्द पुढ्यात टाकायची. तिला घरात दिसेल तो. "प्रेशरकुकर!" मी लाटणं 'प्रे'वर दाबायचे आणि 'शर-कु-कर' हलक्या हातानं सरकवायचे. "बाथरूम!" बाथवर दाब, रूमवरून नुसतं फिरवलं. जिभेला काही केल्या कळत नव्हतं, पण हाताला लगेच कळलं. हात दाबला गेला की आवाजही आपोआप वर जायचा. एवढा आनंद झाला होता आम्हाला! फक्त एक घोटाळा होत होता. गोल पोळीला चहूकडून सारखा जोर लागतो आणि इंग्रजीला लागतो एकाच ठिकाणी. माझ्या पोळ्या एका बाजूला कागदासारख्या आणि दुसऱ्या बाजूला चपलेच्या तळासारख्या व्हायला लागल्या. मावसाजी डबा उघडून, एक पोळी उजेडाकडे धरून विचारायचे, "आज मी कुठला शब्द खातोय?"

भिंतीपलीकडे तर वेगळाच समज झाला होता. परांजपेकाकू एकदा कुंपणाशी येऊन मावशीला म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज पुरणाचा घाट असतो का हो? एवढा लाटण्याचा आवाज येतो म्हणून विचारलं." मावशी म्हणाली, "नाही हो, पोरगी इंग्रजी शिकतेय." काकूंनी माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं आणि आत जाऊन रेडिओ मोठा केला.

मध्ये मावशीचं प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी हात नीट जुळलाय म्हणून सांगितलं. त्या रात्री मी माझी पिशवी भरून ठेवली, कारण आता माझं तिथं काही काम उरलं नव्हतं. सकाळी बाबांचा फोन आला आणि मी मावशीला बोलताना ऐकलं, "हात कुठला बरा होतोय भाऊजी, पेलाभर पाणी उचलवत नाही." हे बोलत असताना तिनं त्याच हातानं गॅसवरचा भरलेला कुकर उतरवून खाली ठेवला. फोन ठेवल्यावर तिनं मला पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "जा, पोळी करपतेय." गॅसवर तवा नव्हता. पण हे तिचं नेहमीचंच होतं. कुणी आभार मानायला लागलं, रडायला लागलं, नाहीतर फार प्रेमानं बघायला लागलं की त्या घरात कुठेतरी पोळी करपायची. पुढं दिवाळी जवळ येईपर्यंत तो हात फक्त फोन वाजला की दुखायचा. मी जाऊन पिशवी रिकामी केली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा रिझवी सरांनीच खबर आणली. बिट्टन मार्केटजवळ एक खाजगी दवाखाना नव्यानं वाढवला होता आणि तिथं माइकवरून सूचना द्यायला मुलगी हवी होती. शिक्षणाची अट नव्हती, उच्चार स्वच्छ हवे होते. सगळे जोडशब्दच, म्हणाले सर. व्हीलचेअर, ब्लडबँक, वॉर्डबॉय, वेटिंगरूम. "तेरे ही खानदान के लफ़्ज़ हैं सब." जाताना त्यांनी एकच ताकीद दिली, "हाथ मत चलाना. वहाँ आटा नहीं है. हाथों के ऊपर बैठ जाना."

मावशी भाजीची पिशवी घेऊन माझ्याबरोबर आली. जमलं तर जमलं, नाहीतर येताना गवार तरी घेता येईल, असं तिचं म्हणणं. ती खाली हॉलमध्ये पेशंटांच्या रांगेत बसली आणि मी वर गेले. खोलीत एक लाकडी टेबल, त्यावर माइक आणि पलीकडे भार्गव मॅडम, दवाखान्याच्या व्यवस्थापक. कडक इस्त्रीची साडी आणि थकलेला चेहरा. त्यांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला आणि माइकचं बटण दाबलं. "पढ़ो. पूरी बिल्डिंग में जा रहा है, आराम से."

मी हातांवर बसले. सरांचं ऐकलं आणि घात झाला. तोंडातून शब्द निघाले ते सगळे एका मापाचे. व्हील, चेअर, टु, द, वे, टिंग, रूम. मावसाजींच्या कारखान्यातून आल्यासारखे, कुणाला बढती नाही. मॅडमनी थोडं ऐकलं आणि डोळे मिटले. "बेटा, ये रेलवे का टाइमटेबल नहीं है," त्या म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी कागद उचलून घडी घालायला घेतली. त्या घडीबरोबर मला गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज ऐकू आला. खरंच सांगते, ऐकू आला. "एक बार और," मी म्हटलं आणि कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. हात मोकळा झाला होता. तो पुन्हा खाली गेलाच नाही.

"व्हीलचेअर!" मी म्हटलं, आणि 'व्हील'वर माझा तळवा टेबलावर पडला. धप्प. माइक टेबलावरच होता. तो धप्प प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खोलीत, बाहेर चहाच्या टपरीपर्यंत गेला. "टु द वेटिंगरूम!" धप्प. "वॉर्डबॉय!" धप्प. मला थांबताच येईना. शब्द मात्र एकदम खणखणीत निघत होते, दूल्हे घोडीवर आणि बाराती मागं. जिन्यावर धावण्याचा आवाज झाला आणि दारात एक वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन उभा राहिला, घामाघूम. त्याच्यामागं दुसरा स्ट्रेचर घेऊन. त्याच्यामागं चौकीदार काठी घेऊन. "क्या गिरा मैडम? कौन गिरा?"

भार्गव मॅडम त्या तिघांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "महीनों से बुला रही हूँ मैं इनको. आज पहली बार कोई भाग के आया है." आणि खालून हॉलमधून, माइक चालू असतानाही ऐकू येईल अशा आवाजात, माझी मावशी कुणालातरी समजावत होती, "घबराओ मत हो भैया, कुछ नहीं गिरा. हमारी लड़की है. पोली बेल रही है."

"कल से आ जाओ," मॅडम म्हणाल्या. "बस टेबल मत तोड़ना."

आम्ही गवार न घेताच घरी आलो. मावसाजींनी पेढे आणले आणि पहिला पेढा पोळपाटापुढे ठेवला. रिझवी सरांना सांगितलं तर ते स्वेटर ताणत म्हणाले, "वाह मियां! अंग्रेज़ी मैंने सिखाई, नौकरी बेलन ने लगवाई." बाबांना फोनवर काम समजावताना मला घाम फुटला. ते म्हणाले, "माइकवर वरडायचं? म्हंजे दवंडीच ना वं?" मी म्हटलं, "हो बाबा, दवंडीच. पण बसून." मग ते म्हणाले, "बसून हाये ना? मंग ठीक हाये. गिरणीवाल्याले सांगतो."

त्या टेबलाशी मी केस पांढरे होईपर्यंत बसले. मध्ये टेबल दोनदा बदललं, जुनी मीच खिळखिळी केली होती. लग्न झालं, भोपाळातच झालं, आणि नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं की पोळ्या एका बाजूला जाड का असतात. आता तिथं कुठल्यातरी बाईचा आवाज भरून ठेवलाय. तब्येत तपासून घ्यायला गेले की ऐकते. जोर अगदी जिथल्या तिथं देते ती, चूक काढायला जागा नाही. व्हीलचेअर मात्र येत नाही.

त्या बाईचा आवाज यायच्या बऱ्याच आधी एका सकाळी मी टेबलाशी बसले असताना खिडकीतून खाली रिक्षा थांबलेली दिसली. मावसाजी उतरले, पेपर काखेत, आणि त्यांच्या आधारानं मावशी उतरायला बघत होती. उतरता येत नव्हतं. पाय खाली टेकत नव्हता आणि चेहऱ्याचा रंग मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मी बटण दाबलं. तोंडातून काय गेलं ते मला कळलं नाही. हात मात्र दोनदा पडला, दोन्ही तुकड्यांवर सारखाच, सगळ्या ताकदीनं. मग मी माइक तसाच टाकून जिना उतरत सुटले.

खाली पोहोचले तोवर तिला व्हीलचेअरमध्ये बसवलं होतं. वॉर्डबॉय धापा टाकत होता. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं एकदम ओठांवर आलं. मोडलेला हात, भरलेला कुकर, बाबांचा फोन. "मावशी," मी म्हटलं, "तू तेव्हा जर—"

तिनं तो उजवा हात उचलला. मनगटाशी तो जरा वाकडाच जुळला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. खुर्चीच्या दांडीवर तिनं बोटांनी एकदा ठोकलं. "दोन्हीवर काय मारतेस? पहिल्यावर मारायचं. चेअर आपली गप बसते." मग वॉर्डबॉयकडे मान वळवून, "चलो भैया." आणि खुर्ची फिरत असताना, माझ्याकडे न बघता, "आणि तू वर जा. पोळी करपतेय."